पाचशे अल्बमची यादी आणि आपला कान

२०२० च्या सप्टेंबरात, करोनाची पहिली लाट भरात असताना, आमच्या चिरंजीवांनी मला एक यादी पाठविली. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने आजवरच्या सर्वोत्तम पाचशे अल्बमची क्रमवारी त्याच महिन्यात प्रसिद्ध केली होती, तीच ही यादी. सोबत निरोप होता : "बाबा, कुमारजी, वसंतराव आणि अमीर खाँसाहेब यांच्यापलीकडे तुम्ही चाळीस वर्षांत गेला नाहीत. दवाखाना सध्या अर्धाच वेळ आहे, तर आता हे ऐका." मुलाने बापाला औषध लिहून द्यावे तसा तो प्रकार होता. इंदूरसारख्या गावात, जेथे संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी तानपुरा जुळत असे, तेथे वाढलेल्या माणसाला पाश्चात्त्य गाण्यांची यादी हाती देणे हे थोडेसे धाडसच होते. परंतु मी ते औषध घ्यावयाचे ठरविले आणि पथ्येही ठरवून टाकली. आठवड्यातून एकच अल्बम, तो गुरुवारी रात्री. आरंभापासून अखेरपर्यंत, मधले काहीही न गाळता. फोन दुसऱ्या खोलीत. आणि न आवडला तरी रविवारी तोच पुन्हा एकदा.

या हिशेबाने पाचशे अल्बमना जवळजवळ दहा वर्षे लागतात. आजमितीस मी दोनशेचा टप्पा ओलांडला आहे. या उद्योगात संगीताबद्दल मला जे कळले ते सांगावे, आणि संगीताच्या निमित्ताने स्वतःच्या कानाबद्दल जे कळले तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दुसरा भाग आपल्या व्यवसायबंधूंच्या अधिक उपयोगाचा आहे.

मुळात 'अल्बम' हा शब्द संगीतातला नव्हे. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूस तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्या वेळात राग उभा केला, ही त्यांची थोरवी आणि त्या तबकडीची सक्ती. एखादी सिंफनी हवी असेल तर पाच-सहा तबकड्या घ्याव्या लागत आणि त्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत मिळत; त्यावरून हे नाव पडले. १९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारात आणली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली आणि पुढील दोन दशकांत गाणाऱ्यांच्या ध्यानात आले की, सुटी गाणी एकत्र बांधण्याऐवजी चाळीस मिनिटांची एक सलग कलाकृतीच रचता येते. तिला नाटकासारखा मध्यंतरही असे, कारण तबकडी उलटावी लागे. बीटल्सच्या 'ॲबी रोड' (१९६९) या अल्बमची पहिली बाजू एका काळवंडत जाणाऱ्या गाण्याने संपते आणि ते गाणे सुरी फिरवावी तसे मध्येच तुटते. श्रोता उठतो, तबकडी उलटतो, सुई टेकवितो. आणि मग जॉर्ज हॅरिसनचे सूर्याचे गाणे उगवते. आज फोनवर ऐकताना हे दोन क्षण एकमेकांना खेटून येतात. मधली ती शांतता कोणी मुद्रित केलेली नव्हती, पण ती रचनेचाच भाग होती. म्हणून मी तेथे थांबतो आणि उठून पाणी पिऊन येतो.

आता यादीविषयी. अशी क्रमवारी कशी लागते हे समजून घेतले की तिचा धाकही वाटत नाही आणि रागही येत नाही. या नियतकालिकाने पहिली यादी २००३ साली केली. गायक-वादक, समीक्षक आणि ध्वनिमुद्रण व्यवसायातील माणसे मिळून २७३ जणांना प्रत्येकी पन्नास अल्बमची क्रमवार पसंती विचारली आणि क्रमांकानुसार गुण देऊन बेरीज केली. २०१२ मध्ये त्या यादीची डागडुजी झाली. २०२० मध्ये मात्र नव्या, तीनशेहून अधिक मतदारांना पुन्हा प्रारंभापासून विचारले गेले. निकाल पाहण्याजोगा आहे. २००३ मध्ये पहिला असलेला बीटल्सचा 'सार्जंट पेपर' २४ व्या स्थानी गेला. सहावा असलेला मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला झाला. जोनी मिचेलचा 'ब्लू' तिसाव्यावरून तिसरा आला. आणि लॉरिन हिल या गायिकेचा १९९८ चा अल्बम, जो पूर्वी तीनशेच्याही खाली होता, तो थेट दहावा. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' तेवढा दोन्ही वेळा दुसराच राहिला.

या सतरा वर्षांत त्या तबकड्यांवरील एकही रेघ बदललेली नव्हती. बदलले होते ते मतदार. पहिल्या वेळी साठ-सत्तरच्या दशकांत तारुण्य घालविलेल्यांचा भरणा होता, दुसऱ्या वेळी वयाने लहान, कृष्णवर्णीय आणि स्त्री मतदारांचा आवाज वाढला. स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात की, माणसाच्या आठवणी साधारण दहा ते तीस या वयातील काळाभोवती सर्वांत दाट असतात. म्हणजे क्रमांक हा तबकडीचा गुण कमी आणि मत देणाऱ्याच्या वयाचा दाखला अधिक. आपल्या मंडळात नाट्यगीतांचे असे मतदान घेतले तर साठीच्या पुढचे आणि चाळिशीच्या आतले यांच्या याद्या एका भाषेतल्या तरी वाटतील की नाही, याची मला शंका आहे. शिवाय शंभराच्या पुढे तर १८० वा आणि २४० वा यांत फारसा अर्थच उरत नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत अर्ध्या गुणाने शेकडो जण खालीवर होतात, तशातली गत. इंग्रजीबाहेरचे जग या यादीत फारच थोडे आहे, हाही तिचा मोठा उणेपणा आहे.

मग यादी घ्यावी कशाला? माझ्या मते तिचा खरा उपयोग एवढाच की, आपण होऊन ज्याच्या वाटेला कधीही गेलो नसतो, त्याच्यासमोर ती आपल्याला चाळीस मिनिटे गप्प बसविते. वैद्यकीय व्यवसायात हे किती अवघड असते ते काय सांगावे! १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा रुग्णाने तक्रार सांगावयास आरंभ केल्यापासून सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर मध्येच बोलतात असे आढळले. हा निबंध मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला होता. पहिल्या गुरुवारी स्वतःची परीक्षा झाली. 'व्हॉट्स गोइंग ऑन' लावून चौथे मिनिट होत नाही तोच माझे मत तयार झाले होते : गोड आहे, पण एकसुरी आहे. रविवारी पुन्हा ऐकताना कळले की, गाणी एकमेकांत मिसळतात हा दोष नसून तीच तर रचना आहे. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला एक सैनिक आपल्या गावाकडे पाहतो आहे आणि त्याचे एकच मनोगत पहिल्या बाजूभर चालू राहते. मार्विनचा धाकटा भाऊ खरोखरच त्या युद्धावरून परतला होता. त्याच्यासोबत गाणारी टॅमी टेरेल १९६७ मध्ये रंगमंचावर त्याच्याच हातांत कोसळली होती, आणि मार्च १९७० मध्ये मेंदूतील अर्बुदाने, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती गेली. कंपनीचे मालक हे गीत प्रसिद्ध करण्यास नाखूष होते. एकाच वेळी दोन मार्विन गात आहेत असे जे वाटते, तोही एक अपघातच : त्याने दोनदा गायिलेले गाणे तंत्रज्ञाने चुकून एकत्र वाजविले, आणि ते त्याला इतके आवडले की तसेच ठेवले.

चौथ्या मिनिटाला निदान करून मोकळे होणारा मी, त्या रविवारी थोडा वरमलो.

पुढे जसजसा ऐकत गेलो, तसतसा एका गोष्टीचा नाद लागला. तो कदाचित डॉक्टरलाच लागत असेल. अनेक अल्बमच्या मागे एखादे आजारपण, एखादे व्यंग उभे होते. आणि नुसते चरित्रात नव्हे, तर थेट नादात. माळव्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. क्षयाने एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये आमच्या शेजारच्या देवासला आले, काही वर्षे गाणे बंद ठेवून पडून राहिले, स्ट्रेप्टोमायसिनमुळे वाचले, आणि मग छोट्या छोट्या, झेपावणाऱ्या सुरावटींचे जे गाणे घेऊन उठले ते सर्वज्ञात आहे. त्यांच्या प्रतिभेचा हिशेब फुप्फुसाच्या क्षमतेवरून मांडणे मूर्खपणाचे होईल. परंतु तो श्वास ठाऊक असलेला श्रोता त्या गाण्यातील विराम निराळ्या आदराने ऐकतो.

तोच आदर मला जोनी मिचेलच्या 'ब्लू' (१९७१) पाशी वाटला. कॅनडातील या मुलीला नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात कमजोर राहिला. गिटारवर डाव्या हाताने तारा दाबून स्वरसमूह बनवितात. ते नेहमीचे आकार तिला जड जात. तेव्हा तिने तारा निराळ्याच स्वरांत लावून घेतल्या, म्हणजे हाताचे काम आधीच अर्धे तारांनी करून ठेवावे. त्यातून जे स्वरसमूह आले ते सरळ बोटांच्या वादकाला सुचलेच नसते. २०१५ मध्ये मेंदूतील धमनीविस्फारामुळे तिला चालण्यापासून सारे पुन्हा शिकावे लागले, आणि २०२२ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात ती पुन्हा रंगमंचावर बसली, तेव्हा तिचे वय ७८ होते.

स्टीव्ही वंडर (चौथा क्रमांक, 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ', १९७६) मे १९५० मध्ये सहा आठवडे आधी जन्मला आणि काचपेटीतील अतिरिक्त प्राणवायूने त्याची दृष्टी गेली. बालरोगतज्ज्ञांना हा इतिहास ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियातील केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूकडे बोट दाखविले, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अठरा रुग्णालयांच्या संयुक्त अभ्यासाने ते सिद्ध केले. तीन-चार वर्षांचा फरक! हे मनात असताना तो आनंदाने उसळणारा अल्बम ऐकणे ही सोपी गोष्ट नव्हती.

आणि 'पेट साउंड्स' (१९६६). तो रचणारा ब्रायन विल्सन, जो जून २०२५ मध्ये निवर्तला, उजव्या कानाने लहानपणापासून जवळजवळ बहिरा होता. डाव्या-उजव्या बाजूंनी वेगवेगळे वाजणारे स्टिरिओ त्याच्या दृष्टीने अर्थशून्यच. त्याने डझनावारी वाद्यांचा तो सारा मेळ एकाच प्रवाहात घडविला. त्याचे खरे स्टिरिओ रूप १९९० च्या दशकात इतरांनी तयार केले. मी दोन्ही ऐकली. स्टिरिओत वाद्ये सुटी, स्पष्ट दिसतात. मूळ रूपात मात्र ती एकमेकांत विरघळून एखादे निनावी, नवेच वाद्य तयार होते. मला मूळचे अधिक भावले. एका कानाच्या माणसाने एका कानासाठी केलेले ते काम आहे, असे मी तेव्हा सहज म्हणून वहीत लिहून ठेवले. ते वाक्य पुढे मलाच लागू होणार आहे, याची कल्पना नव्हती.

मध्ये एक विषयांतर करतो. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' (१९६६, आता अकरावा) च्या मागील पानावर तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापलेले आहे. ते वाचून घरचेच कोणी भेटल्यासारखा आनंद झाला. पण पुढच्याच वर्षीच्या, इतकी वर्षे पहिल्या क्रमांकावर मिरविलेल्या 'सार्जंट पेपर' मध्ये जे भारतीय वादक वाजवितात, त्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर आलीच नाहीत. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. ही नावे सर्वसाधारण श्रोत्यांपुढे यावयास २०१७ साल उजाडले. यादी करणाऱ्यांनी हाही एक निकष ठेवावयास हवा होता.

एप्रिल-मे २०२१ मध्ये ऐकणे बंद पडले. त्या दिवसांविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना काही सांगावयास नको. जूनअखेर पुन्हा बसलो, तेव्हा यादीत एकतिसावा होता, माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. हा १९५९ चा जाझचा अल्बम पाश्चात्त्य संगीताला बिचकणाऱ्या प्रत्येक मराठी श्रोत्याने प्रथम ऐकावा. जाझमध्ये एरवी स्वरसमूह भराभर बदलतात. येथे वादकांनी ते जवळजवळ थांबविले आणि एकाच स्वरपंक्तीत बराच वेळ विहार केला. 'सो व्हॉट' या पहिल्या रचनेची स्वरपंक्ती म्हणजे आपला काफी थाटच. सोळा मात्रागट काफी, मग आठ गट तोच काफी अर्ध्या स्वराने वर, मग आठ गट पुन्हा खाली. एवढे ध्यानात ठेवले की वाट चुकत नाही. गंमत म्हणजे मुद्रणयंत्र किंचित मंद चालत असल्याने या तबकडीची पहिली बाजू अनेक वर्षे जराशी चढ्या स्वरात वाजत होती. १९९० च्या दशकात ती चूक सुधारली. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या कोणाच्या हाती ती आधी पडती तर!

त्या रात्री आमची नात शेजारी बसली होती. ती तेव्हा अकरा वर्षांची. 'सो व्हॉट' मध्ये ट्रंपेट एकटे गाऊ लागते, नेमक्या त्या क्षणी ढोलकिया जिमी कॉब झांजेवर एक आघात करतो आणि तो नाद मागे रेंगाळत राहतो. आम्ही एक खेळ मांडला : आघात झाला की हात वर करावयाचा आणि नाद विरला की खाली आणावयाचा. मी हात खाली आणला. तिचा वरच होता. "आजोबा, अजून वाजतेय ना," ती म्हणाली. तीनदा ऐकले, तीनही वेळा तेच.

पुढच्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे ऑडिओग्राम काढला. २००० हर्ट्झपर्यंत आलेख सरळ, पुढे तो माळावरून घाट उतरावा तसा उतरलेला. डाव्या कानात जास्त. वयोमानाप्रमाणे येणारे साधे बहिरेपण. कॉक्लियाच्या तळाकडील केशपेशी उच्च कंपनांसाठी असतात आणि त्याच आधी झिजतात. आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या कंपनांत असतात, त्यांमुळे आवाज मोठा वाटतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या कंपनांत असतात, त्यांमुळे शब्द ओळखता येतो. म्हणून असा माणस "ऐकू येते, पण कळत नाही" असे म्हणतो, आणि समोरच्यावर पुटपुटण्याचा आरोप करतो.

मी नेमका तोच आरोप करीत होतो. रुग्ण हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी माझी तक्रार होती. करोनाकाळात तिला मास्कची सबब मिळाली. मास्कमुळे वरची कंपने खरोखरच दबतात आणि ओठही दिसत नाहीत. पण मास्क हे अर्धेच कारण होते. मला संशय का आला नाही? कारण स्टेथोस्कोप! हृदयाचे ध्वनी बहुतांशी पाचशे हर्ट्झच्या आत, आणि छातीतील सूं-सूं वा चरचर ही हजारच्या फारशी वर जात नाही. मायट्रल झडपेची बारीकशी कुरकुर मला त्याही दिवशी स्वच्छ ऐकू येत होती, आणि ज्याला ती ऐकू येते त्याचे कान तीक्ष्ण, अशी माझी समजूत होती. ताप 'सात' दिवसांपासून की 'आठ', हे मात्र मी अंदाजाने लिहीत होतो. एका वृद्ध बाईंनी गोळी 'सकाळी' घेतल्याचे सांगितले आणि मी 'दुपारी' समजून पुढची मात्रा ठरविली. त्यांच्या सुनेने तेथल्या तेथे चूक दाखविली म्हणून निभावले. असे आणखी किती झाले असेल, हे ठरविण्यास आता मार्ग नाही.

साठी ओलांडलेल्या व्यवसायबंधूंनी ऑडिओग्राम करून घ्यावा, एवढीच विनंती. रक्तदाब आणि साखर पाहतो, तसाच हाही एक आकडा. लॅन्सेट आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत मध्यम वयातील श्रवणदोषाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत स्थान दिले आहे. श्रवणयंत्राने तो किती टळतो याबद्दल निष्कर्ष अजून संमिश्र आहेत, पण रुग्णाचे नीट ऐकू यावे यासाठी त्या निष्कर्षांची वाट पाहण्याचे कारण नाही. तरुणांसाठी एक हिशेब : ८५ डेसिबल आठ तास हे कामाच्या जागेसाठी सुचविलेले मान आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. वरातीच्या डीजेसमोर नाचणाऱ्यांनी आणि कानात बोंडे घालून झोपणाऱ्यांनी तो करून पाहावा.

मी दोन्ही कानांना यंत्रे लावतो. पहिले दोन महिने भांड्यांचा आवाज असह्य झाला आणि स्वतःचीच पावले ऐकू येऊ लागली. संगीतासाठी त्यात निराळी योजना करून घ्यावी लागते, कारण बोलणे सुधारणारी योजना तानपुऱ्याला शिटी समजून दाबून टाकते. हे तंत्रज्ञाला मुद्दाम सांगावे लागते. रॅप संगीत मात्र यंत्रे लावूनही मला उलगडलेले नाही. लॉरिन हिलचे गाणे आवडले, पण पहिल्या पन्नासातले काही अल्बम दोनदा ऐकूनही मी बाहेरच उभा राहिलो. तो दोष मी यादीचा मानीत नाही.

गेल्या दिवाळीत नात घरी आली होती. आता ती माझ्याहून उंच आहे. तिनेच 'सो व्हॉट' लावले आणि काही न बोलता हात वर केला. मीही केला. झांज वाजली. माझा हात या वेळीही आधी खाली आला, पण तिचा लगेच पाठोपाठ आला. तो नाद तिला खरोखर तेवढाच ऐकू आला, की तिने आजोबांसाठी हात लवकर खाली घेतला, हे मी तिला विचारलेले नाही.